बागेतलं तळं गळतंय, गवंडी म्हणतो सगळं उपसा. आतल्या बेडकांचं काय करू?

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा प्लीज. आमच्या सांगलीच्या घरामागे एक तळं आहे, तळं म्हणजे काय, सासऱ्यांनी हौसेने बांधून घेतलेला हौदच, १२ फूट बाय ८ फूट, खोली अडीच फूट, विटांचं बांधकाम आणि आतून गिलावा. मधे कारंजं होतं ते कधीच बंद पडलं. मग कुणीतरी कमळाचे कंद आणून दिले, ते वाढले, तळाला गाळ साठला आणि बघता बघता तिथे सगळी वस्तीच झाली. बेडूक आहेत, ते पाण्यावर तरंगत नुसते डोळे बाहेर काढून बसतात ना ते, जवळ गेलं की पाण्यावरूनच टणाटण उड्या मारत पलीकडे. चतुर (ते चार पंखांचे उडणारे किडे) आहेत, टाचण्या (चतुरासारख्याच पण बारीक) आहेत, लांब पायांचे पाण्यावर पळणारे किडे, गोगलगाई, सकाळी खंड्या येऊन बसतो, ढोकरी (तो छोटा तपकिरी बगळा) तर रोजची गिऱ्हाईक आहे.

तर प्रॉब्लेम असा की होळीपासून पाणी टिकतच नाहीये. रात्री मोटर लावून भरलं की सकाळी बोट-दीड बोट खाली. गवंड्याला दाखवलं. तो म्हणाला पूर्ण उपसा, गाळ काढून टाका, ॲसिडने धुवून घेऊ, मग केमिकल टाकून वॉटरप्रूफिंगचा गिलावा आणि वरून निळ्या टाइल्स, चार दिवसांत चकाचक. आणि त्याला आत्ताच करायचंय कारण अक्षय तृतीयेनंतर पावसाआधीची गच्च्यांची कामं सुरू झाली की तो कुणाला हाती लागत नाही. शिवाय त्याच्या माणसाला पाण्यात साप दिसला, तो काढल्याशिवाय कुणी उतरणार नाही म्हणतात. भिंतीला वाळके किडे चिकटलेत खूप, ते पण घासून काढायला सांगितलेत.

शेजारच्या काकूंचं वेगळंच, त्यांच्या मते सगळ्या गल्लीतले डास आमच्या तळ्यातून येतात.

गळती तर थांबवायचीच आहे, पाणी असं वाया घालवणं पटत नाही. पण हे सगळे जीव चार दिवस ठेवायचे कुठे? कृष्णेत सोडून येऊ का? आणि ॲसिड, केमिकल झाल्यावर ते परत जगतील का त्यात?

---

सिमेंटवाला_काका

ताई, आधी एक गोष्ट, गवंड्याला अजून ॲडव्हान्स देऊ नका. गळती नक्की कुठून आहे हे बघितल्याशिवाय आख्खा हौद फोडायला निघालाय तो. उपसायचं काम सोपं असतं, शोधायचं काम अवघड, म्हणून सगळे उपसतात.

तुमच्या मापाच्या हौदात भरून साधारण ६,८०० लिटर पाणी बसतं आणि एक इंच उतरलं म्हणजे सव्वादोनशे लिटर गेलं. पण त्यातलं सगळं गळतीचं नाही. एप्रिलच्या उन्हात वारा असेल तर सेंटीमीटरभर पाणी रोज नुसतं वाफ होऊन जातं. म्हणून असं करा, एक बादली घ्या, तळ्यात विटेवर ठेवा, बादलीत बाहेरच्या पातळीइतकंच पाणी भरा आणि दोन्हीकडे मार्करने खूण करा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला बघा. बादलीतलं जितकं उतरलं ती वाफ, बाहेरचं त्याहून जास्त जितकं उतरलं ती गळती. मोटर बंद ठेवायची बरं का, नाहीतर काही कळणार नाही.

गळती आहे असं ठरलं तर भरू नका, उतरू द्या त्याला. पाणी ज्या लेव्हलला येऊन थांबेल (म्हणजे नुसत्या वाफेइतकंच उतरायला लागेल) त्या लेव्हलला किंवा किंचित वर तुमची भेग. मग त्या रेषेवर हात फिरवत चारी बाजू बघत जायचं. आणि कारंजं होतं म्हणालात ना? त्याचा पाइप भिंतीतून जातो का तळातून? मी जेवढे हौद बघितले त्यातले निम्मे पाइपाच्या तोंडाशीच गळत होते. सिमेंट आणि पाइप एकमेकांना कधी धरूनच राहत नाहीत, उन्हात पाइप फुगतो, थंडीत आखडतो, बारीक फट पडते.

---

बेडूकउडी

काकांशी सहमत. पण ताई तुमचे प्रश्न वेगळे आहेत, त्याबद्दल लिहितो.

नदीत सोडू नका. कुठल्याच दुसऱ्या पाण्यात सोडू नका. एक तर ते बेडूक तुमच्या अंगणात वाढलेत, त्यांना लपायच्या जागा माहीत आहेत, नदीकाठी सोडले की बगळे पहिल्या तासात उचलतात. दुसरं म्हणजे रोगराई. बेडकांच्या कातडीला होणारी एक बुरशी जगभर पसरलीय, आपल्या सह्याद्रीतल्या बेडकांवरही ती सापडलेली आहे, आणि ती पाण्यातून, चिखलातून, बादलीतून इकडची तिकडे जाते. म्हणून इथले तिकडे नाहीत आणि तिकडचे इथे नाहीत.

आता वेळेचं. तुमचे ते तरंगणारे बेडूक बारमाही पाण्यातलेच, पाणी असेल तर उन्हाळ्यातसुद्धा त्यांची पिल्लं असतात. पण मोठे पिवळे बेडूक (पावसाळ्यात नर पिवळेधमक होतात ते) या दिवसांत ओल्या गाळात किंवा आसपासच्या मातीत पुरून घेऊन पडलेले असतात. तुमच्या तळाचा गाळ म्हणजे त्यांची निजायची खोली आहे, ती फावड्याने भरून ट्रॉलीत टाकली की संपलं. एप्रिल-मेमध्ये आजूबाजूचं सगळं वाळलेलं, त्यात तुमचं तळंच एक ओलं, म्हणजे सगळे तिथेच गोळा झालेले. पूर्ण उपसायला याच्याइतकी वाईट वेळ वर्षात नाही. जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसानंतर अंडी पडतात, ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत डिंभक (शेपटीवाली, पाण्यातली पिल्लं) चालतात, मग पिल्लं बाहेर पडतात. दिवाळीनंतर ते जानेवारी, हा उपसायचा काळ. पाणीही भरपूर असतं तेव्हा परत भरायला.

आणि ते भिंतीवरचे वाळके किडे मेलेले नाहीत हो, ती चतुरांची कात आहे. चतुर लहानपणी पाण्यात असतो, पूर्ण वाढला की रात्री भिंत चढून वर येतो, पाठ उलते आणि पंखवाला चतुर बाहेर पडतो, मागे टरफल राहतं. नीट बघा, पाठीवर उभी चीर असेल आणि त्यातून पांढरे दोरे लोंबत असतील, त्या आतल्या श्वासनळ्या. फोटो टाका जमलं तर. सिमेंटच्या हौदांत ग्रॅनाइट घोस्ट नावाचा चतुर हमखास असतो, राखाडी ठिपक्यांचा, कंपाउंडच्या भिंतीला असा चिकटून बसतो की हात लागेपर्यंत दिसत नाही. भिंती घासल्या तर जे अजून वर चढायचेत ते पण जातील.

---

पुणेरी_गच्ची

निळ्या टाइल्स नकोच नको. एक तर स्विमिंग पूलसारखं दिसतं आणि दुसरं म्हणजे त्यावर काही चढू शकत नाही. आमच्या सोसायटीच्या तळ्याला लावल्या तेव्हा पहिल्या पावसाळ्यात छोटी बेडकं बुडून मेली, कडा उभ्या आणि गुळगुळीत, बाहेरच येता येईना. नंतर कोपऱ्यात दगड रचून उतार केला मग थांबलं. खारी पण पडायच्या.

---

सर्पमित्र_मिरज

ताई सापाचं वर्णन द्या. पिवळसर तपकिरी अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकोन आणि डोळ्याखालून दोन काळ्या तिरप्या रेघा असतील तर ती पाणदिवड, काही जण विरोळा म्हणतात, तिकडे विदर्भात धोंड्या. बिनविषारी. पण स्वभावाने तापट आहे, पकडायला गेलात तर कडकडून चावते आणि रक्त पण येतं, त्यामुळे लोक घाबरतात. मासे-बेडूक खायला येते, पोट भरलं की जाते. तुमच्याकडे बेडूक आहेत म्हणून ती आहे, तळं रिकामं केलं तर ती घरात शिरेल उलट.

मारायचा विचार कुणी करत असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे हे गवंड्याला सांगा. काम करताना आधी काठीने कमळाची पानं आणि दगडांच्या सांदी हलवून आवाज करा, स्वतःहून निघून जाईल. नाहीच गेली तर जवळच्या सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ नंबरला फोन करा. फोटोवरून ओळख पटल्याशिवाय "बिनविषारीच असेल" म्हणून हात घालू नका एवढंच, पाण्याकाठी उंदरांमागे नाग-घोणस पण येतात.

---

विश्रामबागकर

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं.

सापाचा फोटो मिस्टरांनी गॅलरीतून झूम करून काढला, चौकोन चौकोन आहेत आणि डोळ्याखाली रेघा पण, म्हणजे पाणदिवडच. सासूबाई म्हणाल्या ती तर जुनीच आहे, तिला काय घाबरायचं.

काका, बादलीचा प्रयोग केला. बादलीत जेमतेम सेंटीमीटर उतरलं, तळ्यात त्याच्या तिप्पट. मग मोटर बंद करून उतरू दिलं. आणि काय सांगू, वरून साधारण नऊ-दहा इंचावर येऊन थांबलं, आणि तिथेच कारंज्याचा जुना लोखंडी पाइप भिंतीतून आत आलाय! पाइपाभोवतीचा गिलावा बोटाने दाबला तर भुसभुशीत, गंजाचं पाणी ओघळलेलं. त्याच्या बरोबर मागच्या बाजूला बाहेरून माती कायम ओली असते आणि तिथे अळू उगवलंय, आम्हाला वाटायचं नळाचं पाणी जातं तिकडे.

अजून एक, कोपऱ्यात वरून खाली उभी केसाएवढी भेग आहे पण ती पाण्याखाली पण जाते आणि तिथून काही जात नसावं कारण पाणी थांबलंय.

आता तळात दीड फुटाच्या वर पाणी आहे. सगळे त्यातच आहेत. हे असंच ठेवून पाइपाचं काम होईल का?

---

सिमेंटवाला_काका

होईल की! आता बघा चार दिवसांचं काम अर्ध्या दिवसावर आलं.

पातळी अजून तीन-चार इंच खाली न्या म्हणजे काम करायला कोरडी पट्टी मिळेल. मोटर लावून काढणार असाल तर मोटर उघडी सोडू नका, फळांचा प्लास्टिकचा क्रेट घ्या, त्याला मच्छरदाणीचं कापड गुंडाळा आणि त्यात मोटर ठेवा. नाहीतर बेडकांची पिल्लं, चतुरांच्या अळ्या सगळं पाइपातून बाहेर. ते काढलेलं पाणी फेकू नका, ड्रममध्ये भरून सावलीत ठेवा, परत तेच घालायचंय. ड्रमला जाळी बांधा.

मग महत्त्वाचं. पाइपाच्या खाली, पाण्याच्या वर, जाड प्लास्टिक कागद भिंतीला टेपने चिकटवा आणि त्याची पुढची कड वर उचलून पन्हाळीसारखी करा, टोकाला बादली. छिन्नीने फोडताना जे ढपले पडतील आणि नंतर जे सिमेंटचं पाणी ओघळेल ते सगळं त्या पन्हाळीतून बादलीत गेलं पाहिजे, तळ्यात एक थेंब नको. ताज्या सिमेंटचं पाणी म्हणजे चुन्याचं पाणी, पीएच (पाणी किती आंबट की खारट-दाहक ते सांगणारा आकडा, साध्या पाण्याचा ७च्या आसपास) १२च्या घरात असतो, बेडकांच्या पिल्लांच्या कल्ल्यांची वाट लागते.

लोखंडी पाइप आता लागत नसेल तर काढूनच टाका, गंजत राहिला की परत फुगणार आणि परत फोडणार. पाइप कापून काढा, भोक दोन्ही बाजूंनी मोठं करा, आत निमुळतं न करता उलट आत रुंद करा म्हणजे भरलेला माल धरून राहतो. ब्रशने धूळ झाडा, ओलं करा, मग लेटेक्सचं केमिकल टाकलेला सिमेंट-वाळूचा माल घट्ट ठासून भरा. एका दमात नाही, दोन थरांत. वरून ओलं गोणपाट लावून सात दिवस ओलं ठेवा, पण पाणी पंपाने फवारून, नळी लावून नाही, आणि तोपर्यंत ती पन्हाळी काढायची नाही. सात दिवसांनी जागा व्हिनेगर लावलेल्या कापडाने दोन-तीनदा पुसा आणि साध्या पाण्याने, ते पण पन्हाळीतच. मग हळूहळू पातळी वर घ्या.

हायड्रोक्लोरिक ॲसिड कुठेही वापरू देऊ नका. गिलावा खातं ते, आणि खाली जीव आहेत.

---

माढ्याचं_शेततळं

काका तुमचा अनुभव मोठा आहे पण मला पाइप बुजवून भागेल असं वाटत नाही. सांगली म्हणजे काळी माती. उन्हाळ्यात आमच्या रानात अशा भेगा पडतात की हात जातो आत, पावसाळ्यात तीच जमीन फुगते. त्यावर बांधलेला विटांचा हौद दरवर्षी थोडा थोडा हलणारच. ती कोपऱ्यातली उभी भेग त्याचीच आहे. आज गळत नाही, पुढच्या उन्हाळ्यात गळेल. कितीही भारी केमिकल टाका, सिमेंट म्हणजे शेवटी कडक वस्तू, जमीन हलली की तडकणार.

आमच्याकडे शेततळ्याला ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद टाकतात, वर्षानुवर्षं टिकतो. हौदाच्या मापाचा शिवून, म्हणजे गरम मशीनने जोडून मिळतो. हौद हलू दे नाहीतर तडकू दे, कागद फाटत नाही. खाली जुनी पोती, वर कागद, काठावर दगड दाबले की झालं.

---

बेडूकउडी

माढेकर, काळ्या मातीचं अगदी बरोबर. पण कागद आत्ता टाकायचा म्हणजे आत्ता पूर्ण रिकामं करणं आलं, माझा आक्षेप फक्त तेवढ्याला. आत्ता पाइप बुजवून उन्हाळा काढा, पावसाळा बेडकांना देऊन टाका आणि दिवाळीनंतर कागद टाका. शेततळ्याचा कागद छोट्या हौदाच्या कोपऱ्यात नीट वळत नाही, कडक असतो, रबराचा ईपीडीएम कागद जास्त लवचीक पण महाग आणि ऑर्डर देऊन मागवावा लागतो. ताईंच्या बजेटवर आहे.

दिवाळीनंतर करताना काय करायचं ते आत्ताच लिहून ठेवतो, तेव्हा मी ऑनलाइन असेन नसेन. आधी टब जमवा, जितके मोठे तितके चांगले, सावलीत ठेवा आणि तळ्याच्याच पाण्याने भरा. चतुरांच्या अळ्या आणि बेडकांची पिल्लं एका टबात ठेवायची नाहीत, अळ्या शिकारी असतात, सकाळपर्यंत निम्मी पिल्लं गायब. कमळं गाळासकट घमेल्यात. पानांच्या खाली आणि देठांना गोगलगाईंची अंडी, टाचण्यांची अंडी असतात, म्हणून झाडं धुवायची नाहीत. शेवटच्या चार-पाच इंचात पंप बंद, हाताने आणि पिठाच्या चाळणीने. गाळ पूर्ण काढायचाच असेल तर काठालाच गोणपाटावर पसरून वरून ओलं गोणपाट आणि एक-दोन रात्री तसाच. त्यातले जे आहेत ते रात्री स्वतः बाहेर पडून परत पाण्याकडे जातात, उरलेला गाळ मग झाडांना. आणि थोडा गाळ, दोन-तीन घमेली, नव्या तळ्यात परत टाकायचाच, त्याशिवाय ते पाणी जिवंत होत नाही.

भरताना नळाचं पाणी असेल तर क्लोरीन बघा. दोन दिवस ड्रममध्ये उघडं ठेवलं की बरंचसं उडतं, घाई असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात अँटीक्लोरीनचे खडे मिळतात. आणि गाळ निघाल्यावर निर्जंतुक करायला म्हणून कुणी टीसीएल पावडर (क्लोरीनची पांढरी पूड) आणून टाकेल, विहिरीत टाकतात तशी, तर टाकू देऊ नका!

---

देवगडचो_बाबल्या

आमच्याकडे बावीत नि तळीत दरवर्सा मे म्हैन्यात गाळ काढतंत, आजोबापासून. बेडूक काय मरनत नाय, पाऊस पडलो की सगळे हजर. उगीच कित्याक एवढो विचार करूचो?

---

बेडूकउडी

बाबल्या, कोकणात तुमच्या आजूबाजूला ओढे, पाणथळ, झाडी, भाताची खाचरं आहेत. तळी उपसली तरी बेडूक शेजारून येतात. ताईंच्या सांगलीतल्या विश्रामबागेत शेजारी पेव्हर ब्लॉक आहेत :) तिथले बेडूक एकदा गेले की यायला कुठून यायचे?

---

देवगडचो_बाबल्या

ह्यां पटला. गजालच संपली.

---

गप्पी_मास्तर

शेजारच्या काकूंचा डासांचा मुद्दा कुणी घेतला नाही म्हणून लिहितो, मी बरीच वर्षं हिवतापाच्या कामात होतो, घरोघरी जाऊन पिंप उलटी करायला लावायचो.

डेंग्यूचा डास मोठ्या, उघड्या, किड्यांनी भरलेल्या तळ्यात सहसा अंडी घालत नाही, घातली तर वाचत नाहीत. चतुराच्या अळ्या, पाठीवर पोहणारे किडे, हे सगळे डासांच्या अळ्या खाणारेच. त्याला आवडतं ते छोट्या भांड्यातलं साचलेलं साधं पाणी. फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, गच्चीवरचं टायर, नारळाची करवंटी. काकूंना म्हणा आधी तुमच्या मनी प्लँटच्या बाटल्या तपासा. (हे जरा गोड शब्दांत सांगा, शेजार आहे.)

पण एक धोका खरा आहे. तुम्ही जे ड्रम आणि टब भरून ठेवणार आहात ना, ते डासांसाठी फाइव्ह स्टार. अंड्यापासून डास व्हायला या उकाड्यात आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून प्रत्येक ड्रमला जाळी, आणि जाळी सैल नको, दोरीने आवळून. रिकामा झालेला ड्रम आतून घासून उन्हात पालथा घाला, अंडी भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडीसुद्धा महिनोन्महिने टिकतात. तळं मात्र आत्ता अर्धं झालंय तर त्याच्या कडेला खळग्यात कुठे वेगळं पाणी साचून राहिलं असेल तर तेवढं पुसून घ्या.

---

विश्रामबागकर

मास्तर, नाव गप्पी आहे म्हणून विचारते, आरोग्य केंद्रातून गप्पी मासे फुकट मिळतात ना, ते सोडले तर काकू पण खूश होतील. सोडू का?

---

गप्पी_मास्तर

आयुष्यभर गप्पीच वाटले ताई मी, तरी तुम्हाला सोडू नका असंच सांगीन. बांधकामाच्या टाक्या, बंद पडलेली कारंजी, वापरात नसलेल्या विहिरी, जिथे दुसरं काहीच जिवंत नाही तिथे गप्पी उत्तम. पण ते दक्षिण अमेरिकेतले मासे, आपल्या तळ्यात आले की डासांच्या अळ्या खातात तशी बाकीच्यांची अंडी आणि एवढीएवढी पिल्लं पण खातात. गॅम्बुझिया नावाचा मासा तर त्याहून हावरट, तो १९२८ साली डासांसाठीच आणला आपल्याकडे, आता काढता निघत नाही. एकदा सोडले की गप्पी महिन्याला पिल्लं देणार, तुम्हाला परत पकडायचे झाले तर तळं उपसावंच लागेल. तुमच्याकडे बेडूक आणि चतुर दोन्ही असताना मासे कशाला?

काकूंसाठी एक करा, पांढऱ्या वाटीत तळ्यातलं पाणी घेऊन त्यांना दाखवा. डासाची अळी असेल तर वळवळत खालीवर करते, लगेच ओळखू येते. चार-पाच जागचं पाणी दाखवा. नसल्या अळ्या तर त्यांनाही कळेल.

---

विश्रामबागकर

अपडेट. गवंडी आला होता, पूर्ण उपसायचं नाही म्हटल्यावर आधी तोंड वाकडं केलं, मग म्हणाला ठीक आहे पण मग गॅरंटी देणार नाही. मिस्टर म्हणाले नको देऊ. पाइप कापून काढला, आतून अर्धा कुजलेलाच होता, बोटाने तुकडा पडला. काकांनी सांगितली तशी प्लास्टिकची पन्हाळी बांधली, त्याची माणसं हसत होती पण बादलीत जे राखाडी पाणी जमलं ते बघून गवंडीच म्हणाला, हे सगळं खाली गेलं असतं की. दोन थरांत भरलंय, गोणपाट लावलंय. सासूबाई दर तासाला झाडांच्या फवाऱ्याने पाणी मारतायत, त्यांना काम मिळालंय.

माणसं उतरणार नव्हती त्यांना उतरायची वेळच आली नाही, सगळं काठावर फळी टाकून झालं. पाणदिवड त्या दिवशी दिसली नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी परत कमळाच्या पानावर.

काकूंना वाटी दाखवली. तळ्याच्या पाण्यात काही नाही निघालं. त्यांच्या कुंडीखालच्या बशीत निघालं. आता त्या बोलत नाहीयेत, मास्तर तुमचा गोड शब्दांचा भाग आमच्याकडून राहिला बहुतेक.

दोन प्रश्न उरलेत. एक, सात दिवसांनी पातळी वर घेताना पीएच बघायचा तर कशाने? आणि कोपऱ्यातल्या भेगेला दिवाळीपर्यंत वरून काही लावून ठेवू का तसंच सोडू?

---

सिमेंटवाला_काका

पीएचच्या पट्ट्या मत्स्यालयाच्या दुकानात मिळतात, रंग बघून कळतं. नुसतं तळ्याचं पाणी बघून उपयोग नाही, भरलेल्या जागेवर ओला कापूस पंधरा मिनिटं चिकटवून ठेवा आणि त्याला पट्टी लावा. साडेआठच्या आत आला की पाणी वर घ्या, जास्त आला तर परत व्हिनेगरने पुसा आणि दोन दिवस थांबा. पाणी पण एकदम नाही, रोज दोन बोटं.

भेगेला आत्ता हात लावू नका. फक्त तिच्यावर आडव्या दोन ठिकाणी पेन्सिलने रेघा मारून ठेवा, पाण्याच्या वरच्या भागात. जूनमध्ये आणि दिवाळीत बघा रेघा जुळतायत का सरकल्यात. सरकल्या तर माढेकरांचा कागद, नाही सरकल्या तर माझं सिमेंट.

---

माढ्याचं_शेततळं

सरकणार. माप घेऊन ठेवा ताई, कागदाला काठावर दोन्हीकडून दीड-दीड फूट जास्त धरा.